चिंचटोल्याच्या नकाशावरची हिरवी लाइन

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझ्या दुखण्यापायी दोन गावांची डोकी फुटता फुटता राहिली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. म्हाताऱ्यांना आपली दुखणी सांगायची हौस असते, ती मलाही आहे. पण हे दुखणं माझ्यापुरतं राहिलं नाही, म्हणून सांगायला बसलो.

माझा जन्म कुठल्या नामांकित कारखान्यात झाला नाही. नागपूरच्या एका दुकानात एकाची पेटी, दुसऱ्याचा पंखा, तिसऱ्याची मेमरी असं जुळवून मला उभं केलं. तेव्हा माझं कूळ विचारू नका. पोत्यात गुंडाळून मी एसटीनं निघालो, आणि वडशापासून पुढे रस्ता असा होता की जहीरभाईंनी कुरखेड्यापर्यंत मला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

जहीरभाई मूळचे रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करणारे. रेडिओ बंद पडले आणि घड्याळं लोकांच्या मोबाइलात जाऊन बसली, तेव्हा त्यांनी दुकानाची पाटी बदलली: 'झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा मिळेल'. पाटी त्यांची, पण माझ्यापुढे बसली ती त्यांची मुलगी महेक. तिची बोटं माझ्या कळांवर इतकी भरभर चालत की मला दम खायला वेळ मिळत नसे. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुकानापुढे चपलांचा ढीग पडायचा. म्हातारी माणसं आधारकार्डावरचं चुकलेलं नाव दुरुस्त करायला यायची आणि नाव बरोबर उमटलं की मलाच नमस्कार करून जायची. महेक हसायची. मी मात्र तो नमस्कार ठेवून घ्यायचो.

पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे चिंचटोल्याचा नकाशा. चिंचटोला हे कुरखेड्यापासून तासाभराच्या वाटेवरचं, जंगलात शिरलेलं गाव. ज्या जंगलातून आज्या-पणज्यांपासून मोहफुलं, तेंदूपत्ता, बांबू आणला, त्यावर गावाचा हक्क आहे असं सरकारदरबारी लेखी मिळावं, म्हणून ग्रामसभेनं दावा करायचं ठरवलं. दाव्याला नकाशा लागतो. तीन उन्हाळे गावकरी हातात मोजणीचं यंत्र घेऊन आपली शीव पायी चालले. शीव कुठल्या नाल्यापाशी वळते, कुठल्या दगडाला शेंदूर आहे, कुठल्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवरून ती पलीकडे जाते, हे सगळं ते येऊन सांगत आणि महेक एकेक ठिकाण माझ्यात भरत असे. एवढा मोठा नकाशा माझ्या मूळच्या ताकदीला झेपेना, तेव्हा तिनं माझ्या पोटात एक ग्राफिक्स कार्ड बसवलं. काचेवर चित्र उमटवणं हे त्या कार्डाचं काम. ते जुनंच होतं, पण त्याला स्वतःचा छोटा पंखा होता, आणि मला त्याचा फार गर्व झाला.

गर्वाचं घर खाली, म्हणतात ते खोटं नाही. आमच्या दुकानाला लागून धानाची गिरणी आहे. तिथला कोंडा दिवसभर उडत राहतो आणि आमच्या दारातून आत येतो. महेकची आई रहमतबी, हिला माझी दया आली. तिनं माझ्या पेटीसाठी जाड कापडाचं, कडेला झालर लावलेलं कव्हर शिवलं. ते इतकं छान दिसे की मी चालू असतानाही कुणी काढेना. पण मित्रांनो, संगणक कुशीतल्या जाळीतून श्वास घेतो. कव्हरानं ती जाळीच झाकली. आत गेलेला कोंडा आत राहिला, कार्डाचा पंखा जड झाला, आणि मला साफ करायला पाहिजे हे कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही. प्रेमानं केलेलं होतं सगळं, म्हणून तक्रार तरी कुणाकडे करायची? मार्च लागला, उन्हं चढली आणि मी आतून भाजू लागलो.

एका सोमवारी सकाळी माझ्या काचेवर, उजव्या कडेपासून चार बोटं आत, एक हिरवी रेघ उभी राहिली. वरपासून खालपर्यंत, सुतासारखी सरळ. मला थोडा वेळ बंद ठेवलं की ती जायची, काम सुरू झालं की परत यायची. नकाशा उघडून थोडा हलवला की सगळं चित्र चौकोन चौकोन व्हायचं आणि मी जागच्या जागी थिजायचो.

ही वेळ आजारी पडायची नव्हती. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत तो नकाशा तालुक्याच्या कचेरीत द्यायचा होता, आणि तोही शेजारच्या डोंगरटोला गावाच्या सहीसकट. दोन्ही गावांची शीव एकमेकींना लागून आहे. शेजाऱ्यानं 'आमची हरकत नाही' असं लिहून दिलं नाही तर दावा परत. आणि एकदा परत गेलेला दावा पुन्हा कधी पुढे येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

महेकनं ग्रामसभेचे अध्यक्ष लटारूभाऊ यांना फोन लावला.

"भाऊ, नकाशावर लाइन येऊन राह्यली. प्रिंट नाई निघत. दोन दिवस थांबा."

मित्रांनो, त्या एका शब्दानं घात केला. आमच्या भागात 'लाइन गेली' म्हणजे वीज गेली, हे तुम्हाला माहीत असेल. पण जंगलाच्या गोष्टी चालल्या असताना कुणी 'लाइन' म्हटलं, तर आमच्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरीच वस्तू येते. ती म्हणजे फॉरेस्टची लाइन. झाडं तोडून जंगलातून सरळ काढलेली पट्टी. तिच्या पलीकडे पाय ठेवला की गार्ड हटकतो. गावाची शीव नाल्याबरोबर वळत जाते. साहेबाची लाइन वळत नाही. लटारूभाऊंनी फोन ठेवला आणि चावडीवर जाऊन सांगितलं, "आपल्या नकाशावर लाइन आली."

मंगळवारी ग्रामसभेचा सचिव निकेश खात्री करायला दुकानात आला. शिकलेला, चांगला माणूस, पण उतावळा. महेक जेवायला घरी गेली होती आणि खुर्चीवर जहीरभाई बसले होते. माझ्या काचेवर नकाशा उघडाच होता. रेघ बरोबर गायखुरीच्या उतारावरून खाली येत होती. गायखुरी म्हणजे चिंचटोल्याच्या बायकांची मोहाची झाडं. रेघेच्या एका अंगाला गाव पडलं होतं आणि दुसऱ्या अंगाला ती सगळी झाडं.

"जहीरभाऊ, हे लाइन कवापासून हाये?"

"कालपासून. महेक हटवून राह्यली, पण हटत नाई."

"कोणं टाकली?"

"कोण टाकंन गा? मशीनमधूनच येऊन राह्यली."

खरं तेच बोलले बिचारे. पण निकेशच्या कानाला 'मशीन' म्हणजे मोजणीची मशीन. त्यानं मोबाइल काढून माझ्या काचेचा फोटो घेतला, आणि दुकानाची पायरी उतरायच्या आत तो फोटो दोन्ही गावांच्या ग्रुपवर जाऊन पडला. माझ्या काचेवर होती त्याहून त्यात रेघ ठसठशीत दिसत होती.

संध्याकाळी ग्रुपवर डोंगरटोल्याच्या गुणवंतरावांचा आवाज आला. गुणवंतराव हे त्या गावातलं वजनदार माणूस. सही त्यांचीच पाहिजे होती. महेकनं तो आवाज माझ्यासमोरच लावला.

"लाइन बरोबर हाये. आमची शीव तिथूनच जाते. माह्या आज्यानं मले लहानपणी हात धरून दाखवली होती."

माझ्या पोटातल्या कोंड्यानं काढलेली रेघ त्यांच्या आजोबांनी दाखवली होती म्हणे! मला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. कारण त्याखाली चिंचटोल्याची उत्तरं येऊ लागली, आणि ती मी इथे सांगणार नाही.

बुधवारी महेकनं शहाणपणा केला, निदान तिला तसं वाटलं. नकाशाची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ती बसस्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानात गेली आणि तिथून रंगीत प्रिंट काढून आणली. प्रिंट स्वच्छ. गायखुरी चिंचटोल्याच्या शिवेत, रेघेचा मागमूस नाही. तिनं ती निकेशच्या हाती दिली आणि निकेशनं ती डोंगरटोल्याला नेली. तासाभरात फोन आला. बोलणारे गुणवंतराव होते.

"पोरी, मशीनवर लाइन हाये अन् कागदावर नाई. छापताना पुसली काऊन? कोणाच्या सांगण्यावरून पुसली?"

"काका, ते लाइन नकाशात नाईच. आमच्या कॉम्प्युटरची बिमारी हाये ते."

"बिमारी बरोबर गायखुरीवरच पडली का?"

फोन बंद झाला. महेक माझ्याकडे पाहत बसली. सगळं जग माझ्या काचेवर विश्वास ठेवत होतं आणि तिच्या शब्दावर ठेवत नव्हतं. मला फार लाज वाटली.

गुरुवारचा दिवस तिनं माझं दुखणं शोधण्यात घालवला. आधी वायर बदलली, रेघ तशीच. मग ओळखीच्या मास्तरांच्या घरून दुसरी स्क्रीन उचलून आणली. त्या नव्याकोऱ्या काचेवरही रेघ त्याच जागी येऊन उभी राहिली. म्हणजे दोष काचेत नव्हता, वायरीतही नव्हता. तो माझ्या पोटात, त्या लाडक्या कार्डात होता. शुक्रवारी सकाळी पेटी उघडायची असं बापलेकीचं ठरलं.

पण शुक्रवारी अकरा वाजता, पेटीचा पहिला स्क्रू निघायच्या आतच, दुकानापुढे एक जीप आणि तिच्यामागे एक ट्रॅक्टर येऊन थांबला. जीपमधून गुणवंतराव आणि त्यांचे चार जण उतरले, ट्रॅक्टरवरून लटारूभाऊ, निकेश, आणखी सातआठ माणसं आणि रुखमाबाई. रुखमाबाई चाळीस वर्षं गायखुरीचा मोह वेचत आली होती. ती सरळ आत आली आणि माझ्यापुढच्या बाकावर बसली. बाकीचे दारातच दोन बाजूंना उभे राहिले. डोंगरटोल्याच्या एकानं काठी आणली होती. चिंचटोल्याच्या दोघांनी आणल्या होत्या.

"चार वाजता कचेरीत कागद द्याचा हाये," लटारूभाऊ म्हणाले. "आमच्या सामने दाखव बाई, लाइन हाये का नाई."

महेकनं मला सुरू केलं आणि नकाशा उघडला. थोड्या वेळात रेघ आली. दारातून एकदम गलका उठला.

"आता पाहा," ती म्हणाली. "मी नकाशा सरकवते. लाइन नकाशात असंन तर संगं सरकंन. नाई तर काचेवरच राहीन."

किती सोपी परीक्षा, मित्रांनो! तिनं माऊस दाबून ओढला आणि मी जीव एकवटून नकाशा हलवायला गेलो. पण कार्डाचा पंखा फिरेना. अर्ध्या वाटेवर सगळं चित्र जांभळ्या चौकोनांत फुटलं, आणि मी थिजलो ते थिजलोच.

"पाह्यलं?" गुणवंतराव म्हणाले. "लाइन सरकूच देत नाई. खरी हाये म्हून."

तिनं मला बंद केलं, कव्हर काढलं आणि पेटी उघडली. आतून कोंडा भुसभुसत बाहेर सांडला. जहीरभाईंनी ओंजळभर काढला तरी कोपऱ्यात होताच. पंख्याची पाती त्यात रुतली होती. महेकनं जुन्या दाढीच्या ब्रशनं ती मोकळी केली. मग जहीरभाईंनी खिशातून खोडरबर काढलं. रेडिओच्या काळापासून त्यांचा यावर विश्वास आहे: जिथे पितळेची टोकं काळी पडतात, तिथे रबर घासायचं.

"कार्ड काहाडून दे बेटा. दोन मिनिट रबर मारतो. लाइन साफ निघून जाईन."

महेकनं त्यांचा हात धरला.

"नको अब्बा! लाइन गेली तर मी यांले का दाखवू? यांच्यासमोर पुसली म्हणतीन. मले आज लाइन पायजे."

जहीरभाईंनी दारातल्या काठ्यांकडे पाहिलं आणि रबर परत खिशात टाकलं.

माझा जन्म स्वच्छ चित्र दाखवण्यासाठी. आयुष्यभर मी डाग लपवायची धडपड केली. आणि आता या पोरीला माझ्याकडून माझा डागच पाहिजे होता, तोही मी न थिजता, जागा राहून दाखवलेला. बरं होणं सोपं असतं. आजारी राहून उभं राहणं मला त्याआधी कुणी शिकवलं नव्हतं.

तिनं मला पुन्हा सुरू केलं. पेटी उघडी, पंखा मोकळा, अंग गार. नकाशा उघडला आणि रेघ नव्हती.

मग गुणवंतराव आत आले.

"कुठी गेली? आता तं होती! आमच्या डोयासमोर पुसली ना?"

"पुसली कोणं? तुमीच टाकली होती!" निकेश ओरडला.

"तोंड सांभाळ!"

काठीवाला डोंगरटोल्याचा माणूस पायरी चढून आत आला आणि निकेशनं त्याची कॉलर धरली. लटारूभाऊ मध्ये पडले, ते झेरॉक्सच्या यंत्रावर जाऊन आदळले. कागदांचा गठ्ठा खाली सांडला. जहीरभाई दोन्ही हात पसरून माझ्यापुढे उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता.

रुखमाबाई बाकावरून उठली नाही. तिथूनच तिनं आवाज चढवला.

"मारामारी करून मोह वेचता येते का? बसा सारे. पोट्टी का म्हणते ते आयका आधी."

वय बोलतं, म्हणतात. दोघंही सुटे झाले.

महेक म्हणाली, "काका, याले गरम झालं की लाइन येते. थंडा असला की नाई येत. मी आता माऊसले हात लावत नाई. तुमीच समोर बसा, अन् पाहात राहा." असं म्हणून तिनं पेटी बंद केली आणि रहमतबीनं शिवलेलं ते झालरीचं कव्हर स्वतःच्या हातानं माझ्यावर घातलं. वर आणखी एक चादर टाकली. मला कळलं ती काय करते आहे. तिला मला आजारी पाडायचं होतं, आणि तिचे डोळे भरून आले होते.

गुणवंतराव बाकावर रुखमाबाईच्या शेजारी बसले, मध्ये हातभर जागा सोडून.

"काही तं लाव त्यावर," रुखमाबाई म्हणाली. "काळं तोंड का पाहाचं?"

नकाशा आता सगळ्यांना नकोसा झाला होता. महेकनं एक फोटो उघडून काचभर मोठा केला आणि खुर्ची मागे ओढून भिंतीला टेकली. तो रुखमाबाईची नात रीता हिचा फोटो होता. नर्सिंगच्या फॉर्मसाठी काढलेला. दोन वेण्या, तेलानं चपचपीत केस, फोटोवाल्यानं दटावल्यावर करतात तसा गंभीर चेहरा.

दहा मिनिटं गेली, मग वीस. चादरीखाली हवा हलेना. माझ्या आतली प्रत्येक गोष्ट तापत चालली आणि मी एकच घोकत होतो: थिजायचं नाही, रेघ येईपर्यंत थिजायचं नाही. कुणी खोकललं तरी सगळे चमकून माझ्याकडे पाहायचे. तीन वाजले, सव्वातीन वाजायला आले. लटारूभाऊ घड्याळाखाली उभे होते आणि प्रिंटची सुरळी हातात दाबून दाबून त्यांनी तिचा बोळा करत आणला होता.

आणि मग कुणाचाही हात माऊसवर नसताना, खुर्चीवर कुणी नसताना, रीताच्या उजव्या वेणीवरून ती हिरवी रेघ सरळ खाली उतरली.

रुखमाबाई पुढे वाकली, बोटानं काचेवरची रेघ वरून खालपर्यंत चाचपली आणि हळूच म्हणाली,

"माह्या नातीतूनही फॉरेस्टची लाइन गेली का गा?"

मागून कुणी तरी फसकन हसलं. मग आणखी एक. डोंगरटोल्याच्या काठीवाल्यालाही हसू आवरेना. गुणवंतराव मात्र हसले नाहीत. ते आपल्या पायांकडे पाहत होते. निकेशनं तोंड उघडलं. मला ठाऊक आहे तो काय बोलणार होता. गुणवंतरावांच्या आजोबांचं बोलणार होता. रुखमाबाईनं त्याचं मनगट धरलं आणि असं दाबलं की शब्द त्याच्या तोंडातच राहिला.

महेकनं चादर फेकली, कव्हर ओढून काढलं आणि नकाशा उघडला. रेघ तिथेच, गायखुरीवर. "आता सरकवते," ती म्हणाली. मित्रांनो, मी आयुष्यात बरीच कामं केली, पण तो नकाशा डावीकडे हातभर सरकवणं याएवढं अवघड काम मी केलं नाही. तो सरकला. शीव सरकली, नाला सरकला, गायखुरी रेघेखालून निसटून पलीकडे गेली, आणि रेघ होती तिथेच उभी राहिली. आता ती डोंगरटोल्याच्या बोडीच्या मधोमध होती. महेकनं नकाशा आणखी ओढला, आणि रेघ गुणवंतरावांच्या गावातल्या घरांवरून गेली.

"पाह्यलं काका? नकाशा चालते, लाइन चालत नाई. हे जमिनीची नोहे. याचीच हाये."

गुणवंतरावांनी मान डोलावलेली मी पाहिली. ते मी त्या कार्डातून पाहिलेलं शेवटचं दृश्य. आत काही तरी चटकन तडकलं, जळका वास सुटला आणि काच काळी झाली.

रुखमाबाई उठली, माझ्या पेटीजवळ आली आणि एखाद्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं माझ्यावर हात ठेवला. ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"व माय! याले तं ताप हाये," ती म्हणाली. "पाच दिवस झाले हा तापानं फणफणून राह्यला, अन् आपण एकमेकाईच्या आंगावर धावून राह्यलो."

गुणवंतराव उठले. त्यांनी लटारूभाऊंच्या हातातली चुरगळलेली प्रिंट घेतली, झेरॉक्सच्या यंत्रावर तळहातानं सपाट केली आणि जहीरभाईंकडे पेन मागितला. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते रुखमाबाईकडे न पाहता म्हणाले, "बाई, मोह पडला की सांगजा. आमच्या इकडच्या चार झाडाईचाही वेचून न्या." तिनं फक्त "हो" म्हटलं. निकेश जहीरभाईंच्या मोटरसायकलवर आणि लटारूभाऊ त्याच्या मागे, असे ते निघाले आणि चारला दहा मिनिटं कमी असताना कागद कचेरीत पोचला.

दाव्याचं पुढे काय होतं ते अजून ठरायचं आहे, मित्रांनो. कचेरीची कामं माझ्याहूनही सावकाश चालतात. माझं सांगायचं तर जळलेलं कार्ड जहीरभाईंनी काढून टाकलं, सगळा कोंडा झाडला आणि त्याशिवाय मला कसंबसं उभं केलं. आता नकाशे मला झेपत नाहीत. मी फॉर्म भरतो, सातबारा काढतो, दुपारी थोडा डुलतो. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी महेक ब्रश घेऊन माझी पेटी उघडते, आणि रहमतबी मी बंद झाल्याशिवाय कव्हर घालत नाही. हे आधी झालं असतं तर ते कार्ड आज माझ्यात असतं, एवढंच मनात येतं. पण त्या पाच दिवसांत मला दोष द्यायचं दोन्ही गावांत कुणाला सुचलं नाही, याचं मला त्याहून जास्त वाईट वाटतं. लोकांनी फॉरेस्टला दोष दिला, शेजाऱ्याला दिला, महेकला दिला. माझी काच खोटं बोलू शकते, हे महेकशिवाय कुणाच्या मनातही आलं नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. तुमच्या घरी, शाळेत, दुकानात माझा कुणी म्हातारा भाऊबंद असेल, तर त्याची धूळ झाडा, त्याला श्वास घेऊ द्या. आणि त्याच्या काचेवर काही भलतं दिसलं, तर कुणाच्या अंगावर धावून जाण्याआधी त्याच्याजवळ जा आणि एकदा हात लावून पाहा.